घर मराठी, कागद हिंदी

मध्य प्रदेशातल्या जामसांवलीच्या निजलेल्या हनुमंताच्या दर्शनाला मंगळवारी-शनिवारी नागपूरकडून माणसं निघतात. वाटेत राज्य बदललं हे पाट्यांवरून कळतं, बोलण्यावरून नाही. इथले सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके 2023 साली छिंदवाड्यातून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. इथल्या असंख्य घरांत नागपुरी वळणाची मराठी बोलतात, काही घरांत भोयरी-पवारी, काहींत गोंडी. शाळा, कचेरी आणि छापलेला कागद मात्र हिंदी.

ही फाळणी फार जुनी नाही. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानीच नागपूर होती. दुसऱ्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा आणि बैतूल मागे राहिले. नात्यागोत्यांना त्याने फारसा फरक पडला नाही. लेकी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे दिल्या-घेतल्या जातच राहिल्या. फरक पडला तो साहित्याला. आईच्या मृत्यूवर लिहायचं तर कोणत्या भाषेत, हा प्रश्न इथे लिहू लागलेल्या प्रत्येक मराठी मुलापुढे उभा राहिला.

याचं सर्वांत मोठं उदाहरण शेजारच्या बैतूल जिल्ह्यात आहे. चंद्रकांत देवताले 1936 साली जौलखेड्यात जन्मले. आडनाव मराठी, मराठी इतकी जवळची, की दिलीप चित्रे यांची कविता त्यांनी 'पिसाटी का बुर्ज' या नावाने हिंदीत नेली. स्वतः लिहिलं ते हिंदीत. 'पत्थर फेंक रहा हूँ' या संग्रहाला 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, 2017 मध्ये ते गेले. राजकीय संतापाचे कवी म्हणून त्यांची ओळख, पण मला त्यांची घरातली कविता अधिक मोलाची वाटते. आईवर कविता लिहिताच येत नाही, अशी कबुली देणारी त्यांची कविता प्रसिद्ध आहे. दोन मुलींचा बाप होण्यावर त्यांनी लिहिलं, आणि दिवसभर राबणाऱ्या बाईवर इतक्या आदराने लिहिलं की ती कुण्या एका गावाची राहिली नाही. पुढे त्यांच्या कवितांचं 'उसके सपने' हे संकलन निघालं. ते केलं मूळ छिंदवाड्याच्या विष्णू खरे यांनी आणि मराठी कवी चंद्रकांत पाटील यांनी मिळून. सीमेवरच्या कवीला दोन्हीकडून हात लागले, याचं मला फार समाधान वाटतं.

मुक्तिबोधांच्या घरात तर ही वाटणी दोघा भावांतच झाली. गजानन माधव हिंदीचे थोर कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीत राहिले. तुकडोजी महाराजांनी वाटणीच नाकारली. त्यांची भजनं मराठीत आहेत तशीच हिंदीतही आहेत.

पण ज्या बायांच्या हाती लेखणी आलीच नाही, त्यांचं काय? त्यांचं दुःख जात्यावर बसून बोललं. माहेर तुटल्याचं, भाऊ न आल्याचं, कपाळ पुसलं गेल्याचं, पोटचं मूल गेल्याचं. ओवी एकटीची असते, पण ती ऐकून दुसरी बाई आपलं दुःख तिला जोडते. शोक असाच साऱ्या आळीचा होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे मराठीवरचं मोठं ऋण आहे. तो संग्रह महाराष्ट्रातल्या खेड्यांचा. सीमेपलीकडच्या आज्यांसाठी असं काम व्हायचं आहे, आणि जातं घराघरांतून कधीच उठलं आहे.

पांढुर्ण्याला जगाने ओळखलं ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. आख्यायिका अशी, की एका गावचा मुलगा दुसऱ्या गावच्या मुलीला घेऊन निघाला आणि दोघेही नदीतच दगडांखाली गेले. आजवर या जत्रेत अनेकांचे जीव गेले आहेत. बातम्यांत जखमींचे आकडे येतात, त्या घरांतलं दुःख येत नाही. दोन गावांतलं सोयरेपण, दोन लेकरांचं मरण आणि तरीही दरवर्षी उचललेला दगड, एवढं सगळं ज्या मातीत आहे तिथल्या मराठीत या विषयावर मोठी साहित्यकृती व्हायलाच हवी. ती बाहेरून येणार नाही. त्या घरांतल्याच कुणीतरी लिहावी लागेल.

विदर्भ साहित्य संघ 1923 पासून उभा आहे, भोपाळला मध्य प्रदेशाची मराठी साहित्य अकादमी आहे. दोघांनी मिळून सौंसर-पांढुर्ण्यात वर्षातून एक कविसंमेलन जरूर घ्यावं, पण त्याआधी ओव्या, भुलाबाईची गाणी, पोळ्याच्या झडत्या टिपायला माणसं पाठवावीत. आणि वाचकहो, तुमची आजी, मावशी, आत्या सौंसर, पांढुर्णा किंवा बैतूलमधल्या मुलताईकडे असेल, तर येत्या सुट्टीत तिच्यापाशी बसा. ती म्हणेल ते तिच्याच बोलीत उतरवा, एकही शब्द सुधारू नका, खाली तिचं नाव आणि गाव लिहा.