पाळी गेल्यानंतर – लेखांक ६ : इंजेक्शन चालू असताना हार्मोन

हार्मोनच्या गोळ्या, जेल आणि पॅच यांची ओळख मागच्या लेखांकात झाली. आता पुढचा प्रश्न. वजन उतरवणारं साप्ताहिक इंजेक्शन चालू आहे आणि अंगातून वाफा येणं, रात्री घामानं भिजून उठणं यासाठी हार्मोनही हवेत. दोन्ही एकत्र चालतील का?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पाळी गेलेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी चाळून याचा शोध घेतला. २०२४ मध्ये त्यांनी सेमाग्लुटाइड हे असं इंजेक्शन घेणाऱ्या १०६ जणींची पाहणी प्रसिद्ध केली. वर्षभरानं हार्मोन घेणाऱ्यांचं वजन सरासरी १६ टक्के उतरलं होतं, न घेणाऱ्यांचं १२. पुढच्या वर्षी टिर्झेपटाइडची पाहणी आली. (आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ नावानं आलेलं औषध ते हेच.) तिथे १२० जणींमध्ये हे आकडे १७ आणि १४ टक्के होते.

‘हार्मोननं वजन जास्त उतरतं’ असा मथळा यातून सहज निघतो. पण पहिल्या पाहणीत हार्मोन घेणाऱ्या होत्या फक्त १६. शिवाय कुणाला हार्मोन द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. जिला हवे होते आणि डॉक्टरांना योग्य वाटले, तिला मिळाले. अशी बाई मुळातच तब्येतीच्या मागे लागलेली असू शकते. घाम थांबला की झोप लागते, आणि झोप झाली की सकाळी चालायला जायचा कंटाळा येत नाही. श्रेय इस्ट्रोजेनचं की झोपेचं, हे या आकड्यांतून कळत नाही. इस्ट्रोजेनमुळे या औषधांचा भुकेवरचा परिणाम वाढतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पण तेवढ्यावर केवळ वजनासाठी हार्मोन मागणं मला घाईचं वाटतं.

माझ्या मते या आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट पोटात घडते. ही इंजेक्शनं जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतात. भूक कमी लागते त्याचं हे एक कारण, पण तोंडानं घेतलेल्या गोळीचं रक्तात उतरणंही त्यामुळे बदलू शकतं. टिर्झेपटाइडच्या माहितीपत्रकात गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना याच कारणासाठी इशारा दिलेला आहे. पाळी गेलेल्या बाईला गर्भधारणेची चिंता नाही, चिंता आहे ती गर्भपिशवीच्या अस्तराची. नुसत्या इस्ट्रोजेननं ते अस्तर वाढत जातं आणि पुढे कर्करोगाचा धोका संभवतो. म्हणून गर्भपिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन देतात. त्याची गोळी पुरती अंगी लागली नाही तर हे संरक्षण लंगडं पडतं. मुळात लठ्ठपणा हाही त्या कर्करोगाचा धोका वाढवतोच.

ब्रिटिश मेनोपॉज सोसायटीनं यावर मार्गदर्शन केलं आहे : इस्ट्रोजेन शक्यतो त्वचेवाटे घ्यावं, प्रोजेस्टेरॉनसाठी हार्मोनयुक्त तांबीसारखे पर्याय बघावेत, किंवा इंजेक्शन सुरू करताना आणि त्याचा डोस वाढवताना गोळीचा डोस काही आठवडे वाढवावा. हा बदल डॉक्टरांनीच करायचा. त्वचेवाटे घेण्याचा आणखी एक फायदा म्हणजे रक्तात गुठळी होण्याचा जो धोका इस्ट्रोजेनच्या गोळीनं वाढतो, तो जेल किंवा पॅचनं वाढल्याचं दिसत नाही. वजन जास्त असलेल्यांना हा धोका आधीच असतो.

गंमत अशी की इंजेक्शन देणारे डॉक्टर एक आणि हार्मोन देणारे दुसरे असतात. तेव्हा दोघांच्याही चिठ्ठ्या दोघांनाही दाखवा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर ‘इंजेक्शनमुळे असेल’ म्हणून थांबू नका. तपासणी लगेच करून घ्या.

(पुढील आठवड्यात : वजनाबरोबर स्नायू आणि हाडंही झिजतात का?)