आपल्या सर्व्हरवरचा अल्बम

डिजिटल कॅमेरे घरोघरी पोहोचायला लागले तेव्हा फोटो काढणं सोपं झालं, दाखवणं मात्र किचकटच राहिलं. ईमेलमधून मोठ्या फाइली जात नसत. त्यावर 2000 साली भरत मेदिरत्ता यांनी 'गॅलरी' नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर सुरू केलं. वेबहोस्टिंगची थोडी जागा भाड्याने घ्यायची, त्यावर ते बसवायचं आणि फोटो चढवायचे. लहान प्रती आणि अल्बमची पानं ते स्वतः तयार करी. 2002मध्ये फ्रान्समध्ये पियेरिक ल गाल यांनी 'पीएचपी वेब गॅलरी' आणली. पुढे 'कॉपरमाइन' आणि 'झेनफोटो'ही आले.

यांतल्या पहिल्या दोन थोरल्या प्रकल्पांच्या वाटा पुढे फुटल्या. 'गॅलरी'च्या पहिल्या आवृत्तीचं काम डेटाबेसविना चाले. 2005च्या दुसऱ्या आवृत्तीत डेटाबेस आला, सोयी वाढल्या आणि पसाराही वाढला. 2010मध्ये तिसरी आवृत्ती नव्याने, आटोपशीर लिहिली गेली. पण फावल्या वेळात राबणारे हात कमी होत गेले आणि 2014मध्ये मूळ चमूने काम थांबवलं. 'पीएचपी वेब गॅलरी' 2009मध्ये 'पिविगो' झाली. ज्यांना सर्व्हर सांभाळायचा नाही त्यांच्यासाठी तिच्या कर्त्यांनी पैसे घेऊन होस्टिंग सुरू केलं. सॉफ्टवेअर मोफतच राहिलं, पण ते लिहिणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय झाली. 'पिविगो' आजही चालू आहे.

दरम्यान 2004मध्ये फ्लिकर आणि 2015मध्ये गूगल फोटोज आलं. फोनमधले फोटो आपोआप वर जाऊ लागले, चेहरा ओळखून सापडू लागले आणि थोड्या कमी दर्जात अमर्याद जागा फुकट मिळाली. घरच्या सर्व्हरचा खटाटोप कोण करणार? पण 2018मध्ये फ्लिकरने मोफत खात्यांना 1000 फोटोंची मर्यादा जाहीर केली, आणि 1 जून 2021पासून गूगलवर नवे फोटो 15 जीबीच्या मोफत हिश्शात मोजले जाऊ लागले.

मग जुनी वाट पुन्हा गजबजली, पण गरज बदलली होती. आता नुसतं दाखवणं पुरेसं नव्हतं. फोनमधला सगळा साठा सांभाळायचा होता. 2018च्या 'फोटोप्रिझम'नंतर 2022मध्ये अलेक्स ट्रॅन यांनी 'इमिच' सुरू केलं. फोनवरून आपोआप बॅकअप, आणि चेहरे ओळखण्याचं काम घरच्याच यंत्रावर. 2024मध्ये 'फुटो' या संस्थेने त्याला आर्थिक पाठबळ दिलं आणि ऑक्टोबर 2025मध्ये स्थिर म्हणवणारी 2.0 आवृत्ती आली. तरीही 'इमिच'चे कर्ते बजावतात की फोटोंची एकमेव प्रत आमच्यावर विसंबून ठेवू नका.

हा इशारा पंचवीस वर्षांच्या अनुभवाला धरून आहे. सॉफ्टवेअर थांबलं तरी फोल्डरमधल्या मूळ फाइली उचलून दुसरीकडे नेता येतात. डेटाबेसमध्ये लिहिलेल्या ओळी, अल्बमचा क्रम, कोण कुठे उभं आहे याच्या नोंदी मात्र मागे अडकतात. फोटोच्या फाइलीतच लिहिलेली माहिती सोबत येते. म्हणून नवं सॉफ्टवेअर निवडताना त्याची देखणी पानं नंतर पाहावीत. आपले फोटो नोंदींसकट बाहेर कसे काढता येतील, हे आधी विचारावं.