शिकवायलाही शिकावं लागतं

ऑक्सिजनच्या सिलिंडरांवर लिहीन असं मागच्या आठवड्यात म्हणालो होतो, ते पुढे ढकलतो. धामणगाव बढ्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. घरी कपाशी आणि मका. मुलीला उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमध्ये गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला जायचं आहे. वडिलांचा तिला विरोध नाही, पण त्यांनी सरळ विचारलं आहे : शिखर एकदा चढून झालं की त्या माणसाला पुढे काम काय उरतं? गिर्यारोहक जितेंद्र गवारे यांचं नाव घेऊन ते म्हणतात, इतकी उंच शिखरं चढलेला माणूस दुसऱ्यांना तयार करण्यात वेळ का घालवतो?

मला हा प्रश्न फार आवडला. याचं उत्तर तेनसिंगपासून सुरू करायला हवं. १९५३ साली एव्हरेस्ट चढलेल्या या माणसाला १९५४ साली स्वित्झर्लंडला शिकायला पाठवलं होतं. दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट सुरू व्हायची होती आणि तिथल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाची धुरा तेनसिंगकडे येणार होती. त्याआधी ते आणि आणखी काही शेर्पा अर्नोल्ड ग्लॅटहार्ड या स्विस गिर्यारोहकाच्या शाळेत गेले. जगातल्या सर्वोच्च शिखरावर उभा राहिलेला माणूस दोर कसा बांधतात आणि पाय कसा टाकतात हे पुन्हा पहिल्यापासून शिकला, कारण त्याला आता ते दुसऱ्याला समजावून सांगायचं होतं. चढणं वेगळं, चढायला शिकवणं वेगळं. दार्जिलिंगला हे पहिल्याच वर्षी उमगलं होतं. आपल्याकडे मात्र अजूनही शिखरावरचा झेंडा घेतलेला फोटो पाहून लोक प्रशिक्षक निवडतात.

आता गवारे. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या दोन मोहिमांमध्ये ते होते. १५ मे २०१९ रोजी कांचनगंगा (८,५८६ मीटर) या शिखरावर गिरिप्रेमीचे दहा जण पोहोचले, त्यांत गवारे होते. १६ एप्रिल २०२१ रोजी अन्नपूर्णा-१ (८,०९१ मीटर) वर भूषण हर्षे, सुमित मांदळे आणि गवारे असे तिघे. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते याही त्याच दिवशी तिथे पोहोचल्या.

या दोन तारखांमागे बरंच काही आहे. कांचनगंगेची शेवटची चढाई लांबलचक. रात्रभर चालूनही शिखर पुढेच. त्या मोसमात, त्याच दिवसांत, बंगालमधले दोन अनुभवी गिर्यारोहक या डोंगरावर मरण पावले. अन्नपूर्णेवर वरच्या टप्प्यात दोरच कमी पडला. चढणारे थांबले आणि हेलिकॉप्टरने दोर अन् ऑक्सिजन वर आणावे लागले. असं थांबणं किती अवघड असतं ते बाहेरच्याला कळत नाही. अंगातली ताकद दर तासाला ओसरत असते, खावंसं वाटत नाही, आणि डोकं सांगत असतं की आता निघालो नाही तर सगळं फुकट. अशा वेळी शांत बसता येणं ही कला आहे. ती ज्याच्या अंगात मुरली आहे त्याच्याकडूनच शिकावी.

प्रशिक्षक नेमकं काय शिकवतो, हे मी थोडं लांबण लावून सांगणार आहे. बांधून ठेवलेल्या दोरावर जुमार, म्हणजे फक्त वरच्या दिशेने सरकणारी पकड, लावून माणूस वर सरकतो. ठरावीक अंतरावर दोर बर्फात किंवा खडकात पक्का केलेला असतो. त्या गाठीपाशी जुमार काढून पलीकडे लावायचा. पण आधी सुरक्षेची कडी (कॅराबिनर) पलीकडे अडकवायची, मग जुमार सोडायचा. एका क्षणालाही दोन्ही मोकळे असता कामा नयेत. खाली हे पोरखेळ वाटतं. आठ हजार मीटरवर हवेचा दाब इथल्या जेमतेम एक तृतीयांश असतो, हातात जाड मोजे, अंधार, आणि बोटं आपली राहिलेली नसतात. म्हणून चांगला प्रशिक्षक सह्याद्रीतल्या कड्यावर रात्री, मोजे घालून, डोक्यावरच्या दिव्यात हेच पुन्हा पुन्हा करून घेतो. विशेषतः उतरताना. शिखर झाल्यावर मन सैल पडतं आणि कितीतरी अपघात तिथेच होतात.

दुसरं, माणूस वाचणं. सोबतचा उगाच चिडतोय, बुटाची नाडी बांधायला वेळ लावतोय, सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालायला सांगितलं तर तोल जातोय, तर मेंदूला सूज येत असल्याची शक्यता धरायची आणि त्याला त्याच वेळी खाली न्यायचं. त्याने कितीही पैसे भरलेले असोत. जो प्रशिक्षक 'नाही' म्हणू शकत नाही, त्याच्याकडे मी माझ्या घरचं कुणी पाठवणार नाही.

या कामाची किंमत मोठी असते, तेही वडिलांपासून लपवत नाही. सविता कंसवाल यांनी २०२२ च्या मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू केलं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सला शिकवत असताना, द्रौपदी का डांडावरच्या हिमस्खलनात त्या गेल्या. आपल्या शिकाऊ मुलांसोबत. गिर्यारोहणातलं हे मोठं नुकसान मला अजून पचलेलं नाही.

तरीही मुलीला पाठवा. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. त्यात 'ए' श्रेणी मिळाली तरच अ‍ॅडव्हान्सला प्रवेश, आणि त्यानंतर शिकवण्याच्या पद्धतीचा वेगळा कोर्स. पोटापाण्याची खरी वाट तिसऱ्या पायरीनंतर सुरू होते, शिखरापासून नाही. जागा लवकर भरतात, म्हणून अर्ज आत्ताच करायला सांगा. तोवर पाठीवर वजन घेऊन तिने तुमच्याकडचा राजूर घाट आठवड्यातून दोनदा चढावा, आणि तितक्याच काळजीने उतरावा.

ऑक्सिजनचं पुढच्या आठवड्यात.