ताणा, धोटा आणि सुटलेला धागा

हातमागावरील साध्या विणीत बाण्याचा धागा ताण्याच्या एका धाग्यावरून व पुढच्या धाग्याखालून जात असतो. हा क्रम एके ठिकाणी चुकला की बाणा लागोपाठ तीन धाग्यांवरून तरंगत जातो आणि कापडावर सैल टाका उरतो. इंचास ६० धागे व ४८ इंच पन्हा धरला, तर प्रत्येक फेकीत धोट्यास २,८८० धाग्यांच्या मधून जावयाचे असते. त्यांतील एक सुटला आणि ते चार बोटे कापड विणून झाल्यावर ध्यानी आले, तर तेवढे उसवावे लागते, अथवा कापड उतरल्यावर सुईने धागा भरावा लागतो.

या दोषाचे खापर बहुधा धोट्यावर फुटते. वस्तुतः धोटा वाट शोधीत नसतो. ती त्यास करून द्यावी लागते. पावडी दाबताच वहीच्या दोऱ्या ताण्याचे निम्मे धागे वर नेतात, निम्मे खाली राहतात, आणि या दोन थरांमधून धोटा जातो. एखादा धागा सैल असला तर तो उचलला जाऊनही मध्येच लोंबतो व धोटा त्याच्यावरून निघून जातो. ‘ताणा’ हा शब्दच येथे पुरेसा बोलका आहे. ताणणे या अर्थाच्या संस्कृत ‘तन्’ धातूशी त्याचे नाते आहे; ‘तन्तु’ आणि ‘तन्त्र’ हेही त्याच कुळातले, व ‘तन्त्र’ याचा एक जुना अर्थ मागच होय. (तंत्राची चर्चा करताना आज माग कोणास आठवतो, हा प्रश्न वेगळा.) तेव्हा धोटा फेकण्याआधी तळहात ताण्यावरून फिरवून सैल धागा हुडकावा व ओढून घ्यावा.

ताण सारखा असूनही धागे एकमेकांस चिकटतात, ते त्यांच्या केसाळपणामुळे. सुतास खळ दिलेली असते ती यासाठीही. लोकरीच्या ताण्यात हा उपद्रव अधिक. तेथे पावडी दाबल्यावर वाट पूर्ण उघडली की नाही हे बाजूने पाहूनच धोटा सोडणे श्रेयस्कर.

दोन थरांतील अंतर फणीजवळ अधिक असते व विणलेल्या कडेकडे ते निमुळते होत जाते. म्हणून हत्या पुरता मागे लोटून धोटा फणीलगत फेकावा, आणि विणलेले कापड फणीच्या फार जवळ येण्यापूर्वीच गुंडाळून घ्यावे. हाताने फेकताना धोट्याचे टोक खाली झुकले तर ते खालच्या थरात शिरते.

दोष कोठे व कसा दिसतो यावरून कारण ओळखता येते. तो एकदाच आला तर त्या फेकीपुरती वाट अस्वच्छ होती. उभ्या एकाच रेषेत वारंवार येत असेल, तर तो धागा सैल आहे किंवा वहीत चुकीचा ओवला गेला आहे. तेथे फेक सुधारून काहीच साधत नाही. खालच्या थराखाली गेलेला बाणा मात्र वरून दिसत नाही. त्यासाठी मागाखाली लहानसा आरसा धरावा, अथवा कापडाच्या उलट बाजूवरून अधूनमधून बोटे फिरवावीत.