तेल-मेण आणि हळदकुंकू

आश्विनातील ऊन बालाघाटाच्या माथ्यावर पडू लागले, की धाराशिव जिल्ह्यातील गावोगावच्या अंगणांना एक निराळीच जाग येते. तुळजापूरची जगदंबा घोरनिद्रेतून उठून सिंहासनावर विराजमान झालेली असते. घराघरांतील घटांत पेरलेले धान्य वीतभर वाढून पिवळसर कोवळ्या रंगाने डोलत असते. आणि शुद्ध नवमीची सकाळ उजाडते ती लोखंड घासण्याच्या आवाजाने. शेतकरी नांगराचा फाळ आणि विळे-कोयते पुसतो, सुतार रंधा आणि पटाशी पाटावर मांडतो, लोहार ऐरणीला गंध लावतो. ही खंडेनवमी. ज्याच्या बळावर वर्षभर पोट भरले, त्या हत्याराला एक दिवस विसावा देण्याचा आणि त्याच्यापुढे हात जोडण्याचा हा दिवस.

ज्या थोड्या घरांत पूर्वजांची तलवार वा ठासणीची बंदूक अद्याप शिल्लक आहे, तेथे तीही याच दिवशी खुंटीवरून खाली उतरते. तलवारीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. तुळजापुरात नवरात्रात भवानी तलवार अलंकार महापूजा बांधली जाते, तेव्हा देवी शिवछत्रपतींना तलवार देत आहे, हे दृश्य पाहून भाविकांचे डोळे भरून येतात. बंदुकीच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. ती मुकाट्याने हळदकुंकू लावून घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खुंटीवर जाते. आज आम्ही तिच्याविषयी चार शब्द लिहीत आहोत ते एका अपराधाच्या जाणिवेतून.

आमच्याही घरी अशी एक बंदूक आहे. रीतसर कागदपत्रांची, नळी कायमची बंद करून निकामी केलेली; केवळ पूजेची. पुष्कळ वर्षांपूर्वी, महाविद्यालयात शिकत असताना, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आम्हा भावंडांना उत्साह आला. नळी काळवंडलेली दिसत होती. आम्ही बाजारातून काचकागद आणला आणि दुपारभर घासून ती नळी चांदीसारखी लखलखीत केली. दस्त्याला चकचकीत व्हार्निश फासले. सायंकाळी गावचे वृद्ध लोहारबाबा घरी आले. त्यांनी बंदूक हाती घेतली, कानाजवळच्या जागेवरून अंगठा फिरवला आणि विचारले, “इथं मोडी अक्षरं होती, ती कुठं गेली?”

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. तेथे अक्षरे आहेत हे आम्हांला ठाऊकच नव्हते. लोहारबाबा एवढेच म्हणाले, “पोरांनो, मळ काढायचा सोडून कातडंच काढलंत की!”

ती अक्षरे घडविणाऱ्याच्या नावाची होती, गावाची होती, की पूर्वजांपैकी कोणाची, हे आता कधीच कळणार नाही. आज तेथे एक अर्धवट वेलांटी तेवढी उरली आहे.

घडविणाऱ्याचा हात

बंदुकीवर नाव कोरण्याला किती महत्त्व होते, हे पुढे वाचनात आले. अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त शाही कारखान्यातील बंदुकांचे वर्णन आहे. तयार झालेल्या प्रत्येक बंदुकीवर लोखंडाचे वजन, ते कोठून आणले ते ठिकाण, कारागिराचे नाव, घडविल्याचे ठिकाण, तारीख आणि अनुक्रमांक कोरला जाई. लोखंडाची पट्टी कागदाच्या गुंडाळीसारखी तिरकी वळवीत, प्रत्येक वेढ्याला आगीत तापवून ठोकीत नळी तयार करण्याची रीतही त्यात सांगितली आहे. नळ्या साफ करण्याच्या कामी बलदंड माणसे फार वेळ खपत असत. त्यासाठी एकाच वेळी सोळा नळ्या साफ करणारे, जनावराने फिरवावयाचे चक्र अकबराच्या कारखान्यात योजिले गेले. म्हणजे नळी घडविण्याइतकेच तिला अखेरचा हात देणे हे काम मोठे मानले जाई.

दख्खनेतही बंदूक दीर्घकाळ तोडेदारच राहिली. सुताचा तोडा शिलगावून तो रंजकावर टेकवायचा, की बार उडे. पुढे गारेच्या, म्हणजे चकमकीच्या बंदुका आल्या आणि कवायती गाडद्यांच्या हाती त्या शोभल्या. परंतु तोड्याची बंदूक गावच्या लोहार-सुताराला दुरुस्त करता येई, म्हणून ती टिकली. आतून गुळगुळीत नळीची ही बंदूक. जिच्या नळीत गोळीला गिरकी देणारे पेच पाडलेले असतात ती रायफल. अठराव्या शतकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात जर्मन वंशाच्या कारागिरांनी अशा ठासणीच्या लांब रायफली हाताने घडविल्या. मॅपलच्या लाकडाला लोखंड विरघळविलेले नत्राम्ल लावून ते शेकले, की लाकडातील लाटा तांबूस रंगात उमटून येत. तेथील हौशी मंडळी आजही त्या रीतीने रायफली घडवितात आणि महिनोन्‌महिने त्यांच्या लाकडा-लोखंडावर हात फिरवीत बसतात. आपल्या लोहारबाबांची आणि त्यांची भेट झाली असती, तर भाषेची अडचण फारशी पडली नसती असे वाटते.

लाकडाची तहान

त्या अपघातानंतर लोहारबाबांनी आणि त्यांचे स्नेही असलेल्या एका सुताराने आम्हांला जे शिकविले, ते येथे सांगतो.

उत्तरेकडे दस्त्याला अक्रोडाचे लाकूड आवडीचे. आमचा दस्ता शिसवी आहे. प्रथम व्हार्निश हलक्या हाताने काढले गेले. नवा दस्ता असेल तर त्याला ओल्या फडक्याने पुसतात. पाणी लागताच लाकडाचे दबलेले तंतू मिशांसारखे उभे राहतात. वाळल्यावर ते अलगद कापून काढावयाचे, पुन्हा ओले करावयाचे, पुन्हा कापावयाचे. तंतू उठेनासे झाले की लाकूड तयार झाले. काचकागद नव्हता तेव्हा हे काम धारदार पात्याने वा काचेच्या तुकड्याने खरवडून करीत. जुन्या दस्त्याला मात्र यातले काहीच करू नये. त्यावरील घासटलेल्या खुणा म्हणजे पिढ्यांच्या हातांची सही असते.

मग तेल. येथे आपल्या मुलखाची पुण्याई कामी येते. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लाकडावर कधीच वाळत नाही. चिकट राहते, धूळ धरते आणि पुढे खवट होते. जवसाच्या तेलाचा गुण निराळा. हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या छिद्रांत कायमचे बसते. मराठवाड्याच्या काळ्या रानातील करडईच्या तेलातही हा गुण काही अंशी आहे. पण दस्त्याला जवसच खरे. तेल अगदी पातळ लावावे, तळहाताने ऊब येईपर्यंत चोळावे, उरलेले पुसून घ्यावे आणि पूर्ण वाळल्याखेरीज दुसरा हात देऊ नये. खांद्याला टेकणाऱ्या टोकाशी लाकडाचे तंतू आडवे कापलेले असतात. ते टोक सर्वांत अधिक तेल पिते, म्हणून तेथे दोन हात अधिक द्यावे. एक सावधगिरी अवश्य बाळगावी: जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पसरून वाळवावीत, वा पाण्यात बुडवावीत.

आमच्या दस्त्याला सात हात लागले. दसरा केव्हाच उलटून गेला होता, दिवाळी आली होती. चकाकी नव्हती, पण खोल पाण्यात पाहावे तशी शिसवाची रेघ न् रेघ वर आली होती.

लोखंडाचा रंग

लोखंडाच्या बाबतीत आपली समजूत अशी, की लखलखीत ते स्वच्छ. वस्तुतः काळा-तपकिरी रंग हा नेहमीच शत्रू नसतो. भुसभुशीत, बोटाला लागणारा तांबडा गंज खरा घातकी. तो ओल धरून आत आत शिरतो. परंतु वर्षानुवर्षे तेलाच्या हातांनी जमलेला घट्ट तपकिरी थर लोखंडाचे काही प्रमाणात रक्षणच करतो. विलायतेत तर कारागीर हा थर मुद्दाम चढवीत. नळी चुन्याने वा राखेने घासून तिच्यावरील तेलाचा अंश काढावयाचा, सौम्य आम्लाचे पाणी लावून दमट जागी ठेवावयाची, बारीक गंज उमटला की घासून काढावयाचा आणि हेच कित्येक दिवस करीत राहावयाचे. शेवटी कढत पाण्याने आम्लाचा अंश धुऊन तेल-मेण द्यावयाचे. गंजाला गंजाच्याच हाताने आवरण्याची ही युक्ती. आपल्याकडील उत्तम नळ्यांवर निराळी कला चाले: वळविलेल्या पट्ट्यांचे वेढे हिराकसासारख्या क्षाराने उठावदार करीत, आणि लोखंडावर पाण्याच्या लहरींसारखा जौहर उमटे. काचकागद अशा नळीवर फिरला, की जौहरही गेला आणि अक्षरेही गेली.

तेव्हा करावे काय? मऊ फडके, थोडे पातळ तेल, फार तर सुती दोऱ्याचा बोळा. एवढ्यानेच तांबडा गंज जितका निघेल तितका काढावा आणि थांबावे. घामातील मिठाने लोखंडावर बोटांचे ठसे उठतात, म्हणून शेवटचा हात फडक्यानेच द्यावा. त्यावर मधमाश्यांच्या मेणाचा पातळ लेप द्यावा. ज्या काळी या बंदुका वापरात होत्या त्या काळी तर कढत पाणीच पहिले औषध होते. शोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू जळून मागे जे क्षार राहतात, ते हवेतील ओल ओढतात. तेलाने ते निघत नाहीत, पाण्यानेच निघतात. कढत पाण्याने नळी तापे आणि स्वतःच्या उष्णतेने वाळे, मग तेल.

हे ज्ञान मराठी दौलतीला पुरेपूर होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडांची व्यवस्था सांगताना, पावसाळ्यात तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने भरून त्या झाकाव्यात, अशी दक्षता घालून दिली आहे. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा उपदेश वाचला, की खंडेनवमीचा उलगडा होतो. चार महिने मेणात निजलेले लोखंड पाऊस सरताच उघडावयाचे, पुसावयाचे, तपासावयाचे आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करावयाचे. पूजन आणि निगा ही दोन कामे नव्हतीच. ते एकच काम होते.

आपल्या जिल्ह्यातील परांड्याचा किल्ला याची आणखी एक साक्ष देतो. विजापूरची विख्यात ‘मुलुखमैदान’ तोफ 1549 साली अहमदनगरात मुहम्मद रूमी याने ओतली. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती आणि 1632 साली तेथून विजापुरास गेली. तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची असल्याने ती गंजली नाही. 1686 साली विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने तीवर आपला लेख कोरविला. तरी रूमीचे नाव त्याने खरवडून काढले नाही. विजेत्या बादशहाने जे केले नाही, ते आम्ही दहा पैशांच्या काचकागदाने करून बसलो!

पूजा करताना

आता नवमीच्या पूजेविषयी. ओले हळदकुंकू, गंध आणि झेंडूच्या पाकळ्या लोखंडावर रात्रभर राहिल्या, तर तेथे गंजाचा डाग पडतोच. म्हणून बंदूक पाटावर वस्त्र घालून ठेवावी, गंधाक्षता पाटाला वाहाव्यात, लोखंडाला लावल्याच तर सायंकाळी पुसून तेलाचा हात द्यावा. देवी यात उणे मानीत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. जुन्या ठासणीच्या बंदुकीत कोणा पूर्वजाने भरलेली दारू अजून असू शकते, आणि कोरडी राहिली तर ती कित्येक दशकांनंतरही पेट घेते. नळी उघडी असेल तर तोंड कोणाकडेही न रोखता तिचा लाकडी गज आत सोडावा, तोंडाशी खूण करावी आणि बाहेरून तेवढेच माप धरून पाहावे. गज कानापर्यंत पोहोचत नसेल, तर आत काहीतरी आहे असे समजावे. स्वतः काढू नये, पोलिसांना कळवावे. अशा वस्तूची 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे नोंद आणि परवाना यांची स्थितीही एकदा पाहून घ्यावी.

लोहारबाबा आता नाहीत. नळीवरची आम्ही घालविलेली अक्षरे परत येणार नाहीत. पण त्या दिवसापासून दर नवमीला आम्ही बंदूक मांडीवर घेतो, तेल लावलेले फडके फिरवितो आणि त्या अर्ध्या वेलांटीपाशी अंगठा आपोआप थबकतो. घरातील मुले विचारतात, “इथे काय लिहिले होते?” आम्ही सांगतो, “ते आम्ही पुसले. तुम्ही उरलेले जपा.”

उद्या सीमोल्लंघन. आपट्याची पाने देताना-घेताना आपण सोने मागतो. तत्पूर्वी, वाचकहो, आज घरातील जुन्या लोखंडाकडे एकदा नीट पाहावे. कोठे चार अक्षरे दडलेली असतील, तर ती आधी वाचावी, उतरवून घ्यावी, आणि मग फडके हाती घ्यावे. जगदंबा आपणां सर्वांना तेवढी दृष्टी देवो.