काउंट घराण्याची सून

माझ्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या घरी जे महाभारत झालं, त्याची मी साक्षीदार आहे. मुलगा न्यू जर्सीचा, इटालियन-अमेरिकन. आई-बाबा पंधरा दिवसांत विरघळले. अडून बसली ती आजी. 'कुळ काय, घराणं काय, कोण कुठले?' हा एकच धोशा. शेवटी मुलाच्या वडिलांनीच फोनवरून सांगितलं, "आमचं घराणं काउंटचं आहे. तसा कागद आहे आमच्याकडे." मैत्रिणीनं भाषांतर करताना जरा मसाला घातला आणि काउंटचं 'सरदार' केलं. आजी खूश! तिनंही लगेच ठणकावलं, "सांग त्यांना, आम्हीही वतनदार आहोत." लग्न धूमधडाक्यात पार पडलं.

सासऱ्यांना आता अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. डोळे मिटायच्या आत काउंटपर्यंतचा वंशवृक्ष भिंतीवर लागलेला बघायचा, ही त्यांची इच्छा. मैत्रिणीचा रात्री अकराला फोन, "तू जर्नलिस्ट ना? मग शोध!" मास कॉमला दोन वर्षं 'सोर्स तपासा' हेच घोकलं होतं. म्हटलं, चला, एकदाचा उपयोग होतोय!

पुरावा नंबर एक

हॉलमध्ये एक फ्रेम होती. सोनेरी सिंह, मुकुट आणि खाली आडनाव. 'फॅमिली क्रेस्ट' म्हणून मॉलमधल्या स्टॉलवरून घेतलेली. पहिला फुगा इथेच फुटला. इटलीत राजचिन्ह आडनावाला नसतं, विशिष्ट घराण्याला असतं. एकाच आडनावाची दहा घराणी असली आणि त्यातलं एक सरदारांचं असलं, तर उरलेली नऊ त्या सिंहावर हक्क सांगू शकत नाहीत. आपल्याकडे भोसले आडनावाचा प्रत्येक जण छत्रपतींच्या गादीचा वारस नसतो, तसंच!

खरी सरदार घराणी कागदोपत्री पक्की असतात. व्हेनिसमध्ये 1297 मध्ये महापरिषदेचे दरवाजे मोजक्या घराण्यांपुरते बंद झाले. 1506 पासून त्यांच्या मुलांचे जन्म सरकारी वहीत नोंदवले जाऊ लागले, तेच प्रसिद्ध 'सुवर्णग्रंथ'. इटली एक झाल्यावर 1869 मध्ये पदव्या तपासायला खास मंडळ नेमलं गेलं. 1928 ते 1936 या काळात व्हित्तोरिओ स्प्रेतींचा सरदार घराण्यांचा भलाथोरला कोश निघाला. आणि 1948 च्या राज्यघटनेनं हे सगळं प्रकरणच मिटवलं. आज इटलीत काउंट ही पदवी कायद्याच्या लेखी नाही. जुन्या पदवीला जोडलेलं गावाचं नाव 28 ऑक्टोबर 1922 च्या आधीपासून असेल, तर तेवढं आडनावाचा भाग म्हणून राहतं.

स्प्रेतींच्या कोशात मैत्रिणीच्या सासरचं आडनाव होतं. पण ते घराणं उत्तरेकडचं, आणि आमचे लोक दक्षिणेचे, नेपल्सच्या पूर्वेला अवेलिनो प्रांतातल्या डोंगराळ गावचे.

पुरावा नंबर दोन

मग उरला तो कागद. सासऱ्यांचे पणजोबा 1893 मध्ये न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा त्यांच्या खिशात स्वतःच्या जन्मनोंदीची नक्कल होती. जन्म 1852 चा. घडीवर फाटलेल्या त्या कागदात तीन शब्द घरातल्या सगळ्यांना पाठ होते. 'डॉन', म्हणजे खानदानी माणसाची उपाधी. 'प्रिंचिपातो', म्हणजे प्रिन्सचं राज्य. आणि 'ब्राच्चाले', डिक्शनरीत अर्थ हातातलं कडं. म्हणजे मानाचं कडं मिळालेलं घराणं!

ऐकायला झकास. पण पुष्टी कुठून मिळणार? तर इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं 'आन्तेनाती' नावाचं पोर्टल आहे. अर्थ 'पूर्वज'. जुन्या नोंदवह्यांचे फोटो तिथे फुकट बघता येतात. नेपल्सच्या राज्यात जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद नेपोलियनच्या काळात, 1809 पासून सुरू झाली. बऱ्याच वह्या नावानं शोधता येत नाहीत, एकेक पान उलटावं लागतं. मी पुण्यात, ती न्यू जर्सीत. माझी रात्र, तिची दुपार. अकराव्या दिवशी तिचा मेसेज आला, "सापडलं!"

छापील फॉर्म. डावीकडे जन्माची नोंद, उजवीकडे चर्चमधल्या बाप्तिस्म्याची. आमच्या कागदातले तिन्ही शब्द जसेच्या तसे. आम्ही दोघी स्क्रीनसमोर किंचाळलो! मग सहज पुढचं पान उलटलं. तिथेही 'डॉन'. त्याच्या पुढेही. सत्तर पानं उलटली, प्रत्येकावर तोच डॉन. कारण तो होता गावचा सिंदाको, म्हणजे मेयर. 'आमच्यासमोर, म्हणजे डॉन अमुकतमुक यांच्यासमोर, हजर झाला…' अशी सरकारी सुरुवात होती ती. उपाधी नोंद करणाऱ्याची, बाळाच्या बापाची नव्हे.

'प्रिंचिपातो'ही प्रत्येक पानावर छापलेलं. अवेलिनो प्रांताचं तेव्हाचं सरकारी नावच 'प्रिंचिपातो उल्तेरिओरे' होतं. या हिशेबानं त्या वर्षी गावात जन्मलेलं प्रत्येक पोर प्रिन्सच!

राहिलं कडं. बाळाच्या बापाच्या नावापुढे व्यवसायाच्या जागी लिहिलं होतं, 'ब्राच्चाले'. 'ब्राच्चो' म्हणजे बाहू. दक्षिण इटलीच्या जुन्या नोंदींत ब्राच्चाले म्हणजे ज्याच्याकडे विकायला फक्त स्वतःचे हात आहेत तो, रोजंदारीवरचा शेतमजूर. मी मैत्रिणीला म्हटलं, "अगं, मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे. हातावर पोट असलेला माणूस."

नोंदीच्या शेवटी आणखी एक ओळ होती. बापाला लिहिता येत नसल्यामुळे त्याची सही नाही.

सांगायचं कसं?

आम्ही थांबलो नाही. त्या काळी तिथे लग्नासाठी कागदपत्रांची एक फाईलच जोडावी लागायची. वधूवरांचे जन्मदाखले, आईवडील वारले असतील तर त्यांचे मृत्यूचे दाखले, वडील नसतील तर आजोबांचाही. या एका फाईलमधून आम्ही आणखी दोन पिढ्या मागे, अठराव्या शतकात पोचलो. पुरुष सगळे ब्राच्चाले. बायका 'फिलात्रीचे', म्हणजे सूत कातणाऱ्या. काउंट कुठेच नाही.

मैत्रीण दोन आठवडे गप्प होती. "त्यांचं वय बघ ना. राहू दे, आपण काहीच सापडलं नाही म्हणून सांगू." माझी सगळी जर्नलिझम तिथे गार पडली. शेवटी सासऱ्यांनीच विचारलं, आणि तिनं सगळं सांगून टाकलं. मी व्हिडिओ कॉलवर होते. ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. ते स्वतः गवंडी. चाळीस वर्षं विटा रचल्यात. मग म्हणाले, "म्हणजे मी तुझ्या आजीशी खोटं बोललो." काउंट गेल्याचं नाही, याचं वाईट वाटलं त्यांना!

आजीला फोन त्यांनीच लावायला लावला. मैत्रिणीनं या वेळी मसाला न घालता भाषांतर केलं. आजी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना सांग, वतन होतं ते आमच्या शेजारच्या वाड्याचं. आम्ही त्यांच्या शेतावर राबायचो. मला तरी कुठे मान खाली घालायची होती?"

सिंहाची फ्रेम अजून हॉलमध्येच आहे. महाग होती म्हणे! शेजारी 1852 च्या पानाची प्रिंट लागलीय आणि सासरे येत्या वसंतात ते गाव बघायला निघालेत. आजीनं निरोप धाडलाय, तिथली चिमूटभर माती आणा.

शोध घ्यायचाय? हे लक्षात ठेवा

- आधी गावाचं नेमकं नाव शोधा. गाव नसेल तर पुढचं काहीच हलत नाही.
- 1809 च्या आधीसाठी चर्चच्या वह्या. 1563 पासून ट्रेंटच्या धर्मपरिषदेच्या आदेशानं बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी ठेवणं सक्तीचं झालं.
- शेजारची पानंही वाचा. आपल्या पानावरचं 'खास' किती खास आहे, ते तिथेच कळतं.
- शोध पासपोर्टसाठी असेल तर सावधान! 2025 च्या कायद्यानुसार रक्ताच्या नात्यानं मिळणारं नागरिकत्व आता साधारणपणे आईवडील किंवा आजीआजोबांपर्यंतच मर्यादित आहे.
- आणि आपलं स्वतःचं कुळ? नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कदाचित तुमच्या पणजोबांचंही नाव असेल. सरदार निघाले नाहीत तरी चालेल ना?