पोळं काढायचं, पण कोणत्या माशीचं?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अपार्टमेंटच्या सज्जाखाली लटकलेलं भलंमोठं मोहोळ बहुधा आग्या माशीचं असतं. शिवाजी पेठेतल्या जुन्या घराच्या भिंतीत, दगडांच्या फटीत गुणगुणणारं बहुधा सातेरीचं. म्हणूनच जाणकार माणूस फोनवर आधी एवढंच विचारतो: पोळं उघड्यावर आहे की पोकळीत?

सातेरी अंधाऱ्या जागेत शेजारी-शेजारी अनेक पोळी बांधते. झाडाची ढोली, मीटरची पेटी, वापरात नसलेलं कपाट, तिला काहीही चालतं. त्यामुळे ती लाकडी मधपेटीतही नांदते, आणि तिला वाचवणं शक्य होतं. मधपाळ थोडा धूर देतो, पोळी एकेक करून कापतो, अंडी-अळ्या असलेला भाग चौकटीला दोऱ्याने बांधतो आणि राणी शोधतो. राणी पेटीत गेली की कामकरी माशा तिच्या गंधामागे आत शिरतात. चरायला गेलेल्या माशा परतेपर्यंत, म्हणजे अंधार पडेपर्यंत, पेटी जागची हलवायची नाही.

धुराने दोन गोष्टी साधतात. माशा मध पोटात भरून घेऊ लागतात, आणि डंख मारताना माशी जो इशाऱ्याचा गंध सोडते तो दबतो. त्यातलं मुख्य रसायन आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. वास पिकल्या केळ्याचा. एका डंखाच्या जागी पुढचे डंख का बसतात, ते या वासामुळे.

ही विद्या शिकवली जाते. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२पासून आहे. आपल्या सोसायटीतलं पोळं औषध फवारून मारलेलं पाहून अस्वस्थ झालेले पुण्याचे अभियंते अमित गोडसे तिथेच शिकले आणि पुढे पोळी वाचवणं हेच त्यांचं काम झालं. कोल्हापूरकरांना तर इतक्या लांब पाहायलाही नको: भुदरगड तालुक्यातलं पाटगाव 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं.

आग्याचं गणित मात्र वेगळं. तिचं एकच पोळं, कधी मीटरभर रुंद, उघड्यावर लोंबतं, आणि ती पेटीत राहत नाही. 'पेटीत घालून नेतो' असं आग्याबद्दल कोणी सांगितलं तर त्याला काम देऊ नये. ती हंगामानुसार स्थलांतर करते. पोळं उंचावर, वाटेपासून दूर असेल तर काही महिने थांबणं हाच उत्तम उपाय. शाळेच्या दारावर किंवा दवाखान्याच्या गॅलरीत असेल तर मात्र ते संरक्षक पोशाखातल्या प्रशिक्षित माणसाकडून काढून घ्यावंच लागतं.

आणि ती परत येते. २००० साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जनुकीय तपासणीवरून दिसलं की आग्याच्या वसाहती आपल्या जुन्याच जागी परततात. मधल्या काळात कामकरी माशांची पिढी बदललेली असते, तरीही.

फवारणीने यातलं काहीच सुटत नाही. भिंतीतल्या माशा मेल्या की पंखांनी वारा घालून पोळं थंड ठेवणारं कोणी उरत नाही. मेण मऊ पडतं, मध भिंतीतून पाझरतो, मुंग्या आणि मेणकिडे येतात. शिवाय जुन्या मेणाचा वास पुढच्या थव्याला तीच पोकळी दाखवतो. त्यामुळे पोळं काढल्यावर मेण खरवडून काढायचं, जागा धुवायची आणि फट त्याच आठवड्यात बुजवून घ्यायची.